किटलीचं झाकण

कोल्हापुरात कुत्र्या-मांजरांसाठी धडपडणाऱ्या माणसांमध्ये एक गोष्ट अजून सांगितली जाते. कुणा निर्दय माणसाने आपली गोल्डन रिट्रीव्हर कुत्री जोतिबाच्या डोंगरावर नेली, तिला गुलालात माखली आणि तिथेच सोडून दिली. उपाशीतापाशी फिरणारी ती कुत्री एका निवृत्त गृहस्थाच्या नजरेस पडली. त्यांनी तिला घरी आणली आणि ती मरेपर्यंत सांभाळली. शाळाशाळांतून मुलांना ही गोष्ट सांगितली गेली. ऐकून मुलं रडायची, त्या माणसाला शिव्या द्यायची.

ते निवृत्त गृहस्थ म्हणजे मी. गोष्टीतली कुत्री खरी आहे, डोंगर खरा आहे, गुलालही खरा आहे. बाकीचं मी रचलेलं आहे. ज्याला आम्ही निर्दय म्हणत आलो, त्या माणसाने माझ्याकडे एकच मागणं मागितलं आहे. ते पुरं करण्यासाठी हे लिहितो.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या शहरात ही सोनेरी कुत्री दिसू लागली. टीव्हीवरच्या जाहिरातीत एखादं गोंडस कुटुंब दिसायचं आणि त्याच्या पायाशी हे कुत्रं. लोक पुण्याहून, बेंगळुरूहून पिल्लं आणायचे. पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं असतं. वर्ष उलटायच्या आत ते अख्खा दिवाण अडवून झोपायला लागतं. केस गळतात, पावसाळ्यात अंगाला वास येतो, मे महिन्यात ते दिवसभर न्हाणीघरात धापा टाकत पडून राहतं. मग मालक त्याला आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन येत आणि खालच्या आवाजात विचारत, "काही इंजेक्शन-बिंजेक्शन देऊन मोकळं करता येईल का?"

डॉक्टर अशा मालकाशी वाद घालत नसत. साखळी त्याच्या हातातून काढून घेत आणि म्हणत, "जा तुम्ही." आमचं काम असं त्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सुरू झालं. त्याला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एक रिक्षावाला होता, जो कुत्र्यांना फुकट इकडून तिकडे न्यायचा. एका खानावळीतून उरलेला भात आणि भाकरी मिळायची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला मी, रिकामा आणि जुनी मारुती बाळगून असलेला, त्यामुळे घर बघायला जायचं काम माझ्याकडे आलं. कुत्रं ज्यांना द्यायचं त्यांचं घर आधी डोळ्यांनी बघायचं, हा आमचा नियम होता. माणसं कशी आहेत, अंगण आहे का, म्हातारी माणसं कुत्र्यावर खेकसतात का. मी नको म्हटलं की नको. माझा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

दुसरा नियम डॉक्टरांचा. घर मिळेपर्यंत कुत्रं आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी राहायचं, पण त्याने स्वतः ते ठेवून घ्यायचं नाही. "आपण पाहुणचार करायचा, सोयरीक नाही," असं ते म्हणत. प्रत्येकाने एकेक ठेवून घेतलं तर पुढच्याला जागा कुठून उरणार?

पहिला पाहुणा माझ्याकडे आला तो एक दांडगा नर. रिक्षावाल्याने तो माझ्या दारात उतरवला तेव्हा गल्ली गोळा झाली होती.

"साहेब, मागं कोन बसलंय बघा की. पासिंजर समजून चार लोकांनी वाटंत हात केला त्येला," रिक्षावाला म्हणाला.

शेजारच्या आजीबाई बिचकत म्हणाल्या, "कुत्रं हाय का शेरडू हाय वो ह्ये?"

"दोन्ही न्हवं आजी. सोफा हाय. बसतासा का?"

तो सोफा काही महिने आमच्याकडे होता. आम्हाला मूलबाळ नाही. घरात कुणीतरी वाट बघतंय ही गोष्ट मला साठीत पहिल्यांदा कळली. मग सांगलीचं एक चांगलं कुटुंब मिळालं. घर मीच बघून आलो होतो, नाही म्हणायला जागा नव्हती. तो त्यांच्या गाडीत बसला, मागच्या काचेतून माझ्याकडे बघत राहिला आणि गाडी वळली. त्या दिवसापासून मला कुत्रं हवं होतं, असं म्हणणं पुरेसं नाही. पुढे कुणाला द्यावं लागणार नाही असं कुत्रं मला हवं होतं.

त्यानंतरच्या माघातली गोष्ट. आमच्याकडे माघातल्या रविवारी जोतिबाला चालत जातात, त्याला खेटे म्हणतात. गुडघ्यांमुळे मी गाडीने जायचो. "गाडीनं खेटा म्हणजे निम्माच खेटा," असं बायको म्हणायची. त्या रविवारी मी दर्शन घेऊन पायऱ्या उतरलो आणि नारळाच्या एका दुकानाच्या मागे सावलीत ती दिसली.

आधी मला ते कुत्रं आहे हेच कळलं नाही. कपाळ, पाठ, शेपटीचा झुबका, सगळं गुलाबी. जवळ गेल्यावर केसांच्या मुळाशी सोनेरी रंग दिसला. लोखंडी खांबाला ती बांधलेली होती. हो, बांधलेली होती. समोर अल्युमिनियमच्या वाडग्यात पाणी होतं, शेजारी अर्धी भाकरी. ती पायऱ्यांकडे डोळे लावून बसली होती.

मी दुकानदाराला विचारलं, "कुणाची आहे?"

"वर गेल्यात रांगंत. येतील की," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

हे वाक्य मी आमच्या लोकांपैकी कुणालाही आजवर सांगितलेलं नाही. वर गेल्यात रांगंत, येतील की.

मी तिथेच दगडावर बसलो. तिने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. एवढा गुलाल! माझ्या मनात एक सोयीचा राग वर आला. कुत्र्याला असं माखणारी माणसं तिला काय सांभाळणार? असली माणसं येतीलच कशावरून? रांग लांब होती, कुणी येत नव्हतं, आणि कुणी येऊ नये असं मला वाटत होतं. थोड्या वेळाने मी दोर सोडला. ती आधी उठेना. पायऱ्यांकडे बघून एकदा बारीक कुईं केलं. मग आली. ही जातच अशी आहे, चोराच्या हातून पिशवी पडली तर तीही उचलून देईल. गाडीचं दार लावताना वर लाऊडस्पीकरवरून चुकलेल्या माणसांची नावं पुकारत होते. मी काच वर केली.

घरी बायकोने तिला मागच्या नळाखाली धुतली. गुलाबी पाणी मोरीतून वाहत राहिलं. कान मात्र कितीतरी आठवडे गुलाबीच होते. धुऊन झाल्यावर बायकोने दोर हातात घेतला. ती पेठ वडगावच्या शेतकरी घरातली, तिला दोर वाचता यायचा.

"अहो, हा कासरा आहे. बैलाचा. नवा कोरा, आणि गोंडा लावलाय बघा."

"मग?"

"टाकून द्यायच्या जनावराला कुणी नवा कासरा बांधतं का?"

मी म्हणालो, "तुला काय कळतंय." तिने कासरा गुंडाळून फडताळात ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मी गोष्ट सांगितली. मोकाट फिरत होती. हाडं दिसत होती. कुणी विचारणारं नव्हतं. कॉलेजातल्या बाईंचे डोळे भरून आले. "गुलाल फासून सोडलीय? माणसं आहेत की कोण आहेत ही!" डॉक्टरांनी तिला तपासलं आणि ते मला एवढंच म्हणाले, "हाडं काही दिसत नाहीत. केबलवर पट्टी टाका चार दिवस, सापडली म्हणून." त्या काळी शहरात हरवलं-सापडलं सगळं केबल टीव्हीच्या खालच्या पट्टीतून कळायचं. मी टाकतो म्हणालो. टाकली नाही. काही दिवसांनी मीच म्हणालो, कुणी आलं नाही, आमच्याकडेच राहू दे का? माझा चेहरा बघून डॉक्टरांनी आपला नियम एकदाच मोडला.

तिची एक खोड होती. संध्याकाळी, उन्हं उतरायला लागली की ती स्वयंपाकघरात जायची, खालच्या फळीवरून एखाद्या डब्याचं स्टीलचं झाकण तोंडात धरायची आणि फाटकाशी जाऊन उभी राहायची. बसायची नाही, उभीच. झाकण तोंडात, नजर रस्त्यावर. अंधार पडला की झाकण फाटकाशीच खाली ठेवून परत यायची. मला याचं भारी कौतुक. पाहुणे मुद्दाम त्या वेळेला बोलवायचो. "आमची बाई बघा, भांडी विकायला निघाली." सगळे हसायचे. तीही शेपूट हलवायची, पण नजर रस्त्यावरच.

पावसाळा सुरू झाला आणि गडमुडशिंगीहून डॉक्टरांकडे एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांसाठी तसलंच पिवळं, केसाळ कुत्रं हवं आहे, म्हणाल्या. घर बघायला अर्थातच मी गेलो.

दोन खोल्या, पुढे गोठा, गोठ्यात दोन म्हशी. रस्त्यापासून आत, झाडांखाली. फोन करणारी सून पाणी घेऊन आली. सासरे कट्ट्यावर बसले होते. पटका, पांढऱ्या मिशा.

"या पावणं, बसा. कुत्री वाटतासा म्हणं तुमी?"

"वाटत नाही, घर बघून देतो."

"बघा की घर. पळून जातंय व्हय!" ते हसले, आणि लगेच थांबले. "मला काय नगो हुतं. हिचंच चाललंय. आमची एक हुती. पोरगा एका कारखान्यात डायवर हाय, त्येचा मालक फ्लॅटमदी गेला नि कुत्री म्हणाला न्हेऊन सोड कुटंतरी. पोरगा घरी घिऊन आला. तुमच्यासारखं घर-बिर कुनी बघाय आलं न्हाय. आली नि ऱ्हायली."

"मग?"

"गोचिडाचा ताप आला तिला. अन्न सोडलं. मी जोतिबाला बोललो, हिला उठीव, तुज्या पायाशी आनतो. बैलासाठी नवस बोलतो तसंच. उठली. मग न्हेली की नवस फेडाय. नवा कासरा केला, गुलाल लावला. देवळात कुत्री सोडत न्हाईत, म्हणून खाली बांधलीती. पानी ठेवलं, भाकरी ठेवली. दर्शन घिऊन आलो तर न्हाय."

सून म्हणाली, "लाऊडस्पीकरवर पुकारा करा म्हणालं मामा. पुकारणारा म्हणाला, म्हातारं, हितं माणसांची नावं पुकारत्यात. लोक हसलं. आंधार पडूस्तोवर डोंगरावर बसून हुतं."

मी गोठ्याकडे बघत होतो. मला वर बघता येत नव्हतं. तेवढ्यात सुनेने दूध काढून आणलं, डेअरीची किटली भरली आणि झाकण लावायला उचललं. म्हातारबा त्या झाकणाकडे बोट करून म्हणाले, "ह्ये तिचं काम. मी किटली घ्याची, तिनं झाकण तोंडात धराचं. डेअरीपत्तोर. सगळं गाव बघाय उभं ऱ्हायाचं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली वगैरे मी लिहिणार नाही. मला फक्त आमचं फाटक दिसलं.

"पावणं," ते म्हणाले, "तुमच्याकडं येत्यात न्हवं सगळीकडनं कुत्री. जोतिबावरनं कुनी आलीती का?"

मी म्हणालो, "नाही."

सून मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. "द्या कसलं तरी. जेवत न्हाईत हो नीट," ती म्हणाली. मी बघतो म्हणालो.

व्हरांड्यात मी सांगितलं, घर बरोबर नाही. कंपाऊंड नाही. म्हातारा माणूस, त्याला झेपायचं नाही. बाई म्हणाल्या, "अहो पण म्हशी आहेत, मोकळी जागा आहे, मायेची माणसं वाटली फोनवर." मी म्हणालो, "मी बघून आलोय." माझा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्यांना दुसरं कुत्रं दिलं असतं तर जाणंयेणं सुरू झालं असतं, आणि कधीतरी कुणीतरी माझ्या फाटकाशी झाकण घेऊन उभी असलेली ती बघितली असती. म्हणून मी त्या म्हाताऱ्याला दुसरंही मिळू दिलं नाही. पहिल्या गोष्टीपेक्षा मला ही अधिक सलते.

बायकोला मात्र सगळं सांगितलं. तिने बराच वेळ कुत्रीच्या कानात बोटं फिरवली. मग म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." त्या दिवसापासून तिने एक झाकण कायमचं खालच्या फळीवर काढून ठेवलं. त्याचा डबा आम्ही पुन्हा वापरला नाही. आणि पाहुण्यांना संध्याकाळी बोलवायचं मी बंद केलं.

एकदा, दोन-तीन वर्षांनी, मी तिला गाडीत घालून निघालो. बायको फाटक उघडून उभी होती. गडमुडशिंगीच्या वाटेला लागलो तशी ती मागच्या सीटवर उठून उभी राहिली. नाक काचेला लावलं. शेपटी सीटवर आपटायला लागली. अंगभर थरथर, आणि घशातून एक आवाज, जो तिने माझ्या घरात कधी काढला नव्हता. मी गाडी बाजूला घेतली. ती माझी कधी नव्हतीच, हे मला त्या आवाजात ऐकू आलं. आणि तरी, किंवा त्यामुळेच, मी गाडी वळवली. घरी आल्यावर ती दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. ही जातच अशी आहे.

ती म्हातारी होऊन गेली. शेवटी शेवटी मागचे पाय उचलत नसत, तरी संध्याकाळी फाटकापर्यंत जायची. झाकण तोंडातून निसटायचं, तेव्हा मी उचलून परत तिच्या तोंडात द्यायचो. परसात पेरूखाली तिला पुरली. पुढे बायको गेली. आमच्या व्हरांड्यातल्या कामाचं पुढे बरंच मोठं झालं, शंभर हात आले, आणि ती जोतिबावरची गोष्ट त्या हातांबरोबर पसरली. घरात मी एकटा. संध्याकाळी उन्हं उतरली की फाटकाकडे माझे कान जातात. कुणाचं तरी येणं राहिलं आहे, असं वाटतं. रोज तेवढा वेळ ती काय भोगत होती हे मला असं, आतून, उशिरा कळलं.

मग एक दिवस फडताळातला कासरा आणि ते झाकण पिशवीत घालून मी गेलो.

म्हातारबा होते. कट्ट्यावर तसेच, नुसते आकसलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेचे केस पांढरे झाले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकानदाराचं वाक्य, कासरा, नाही म्हणालो ते, कंपाऊंडचं कारण, अर्ध्या वाटेतून वळवलेली गाडी. आणि आमच्या शहरात त्यांच्याविषयी काय सांगितलं जातं, तेही.

"मी म्हणत हुतो, देवानं घेतली," ते म्हणाले. "नवसाची हुती, त्येनं ठेवून घेतली. त्येवड्यावर मन बांधलंतं. तुमी न्हेलीसा व्हय."

हे सांगून मी त्यांच्या हातातलं शेवटचंही काढून घेतोय, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

"सांच्याला काय कराची?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. दातांच्या खुणा लागल्या तिथे बोट थांबलं.

"फाटकाशी उभी राहायची," मी म्हणालो. "रोज."

"आनि तुमी बघत हुता."

"हो."

सून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज आला नाही, भांड्याचा आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भरलेली किटली होती. म्हातारबा काठी टेकत उठले. झाकण माझ्या हातात परत देऊन किटली त्यांनी घेतली. मी पुढे झालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. किटली माजी हाय. तुमी झाकण घ्या."

"हे किटलीचं झाकण नाही..."

"त्येच घ्या की, हातात हाय ते. चला. डेअरी बंद हुईल."

आम्ही निघालो. ते पुढे, मी मागे. पारावरच्या कुणीतरी हाक मारली, "तात्या, कोन पावणं?"

"ह्यो व्हय? ह्यो देव," तात्या वळून न बघता म्हणाले. "आमची कुत्री ठेवून घेतलेला."

पारावर कुणाला काही कळलं नाही, ते हसले. थोडं पुढे गेल्यावर तात्या थांबले. दम लागला होता. मला वाटलं आता शिवी देतील, आणि दिली असती तर बरं वाटलं असतं.

"पावणं, एक करा," ते म्हणाले. "त्या तुमच्या लोकास्नी सांगा. मी सोडली न्हवती. बांधलीती."

मी सांगतो म्हणालो. त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागून, ते झाकण दोन्ही हातांत धरून.

तर मंडळी, त्यांनी सोडली नव्हती. बांधली होती, सावलीत, पाणी ठेवून. सोडली मी.